पंधरा दिवसांची नोटीस, अकरा महिन्यांचे घर

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड इथे आज भाड्याने घर घेणाऱ्याच्या हाती जो करार पडतो, त्यावर सुरुवातीच्या तारखेसोबत शेवटची तारीखही छापलेली असते. अकरा महिने भरले की करार आपोआप संपतो. घर सोडा असे सांगणारे पत्र मालकाला लिहावेच लागत नाही. याच उपनगरांत स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीत पागडीने, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून, राहणाऱ्या भाडेकरूच्या पावतीवर शेवटची तारीख कुठेच नसते, आणि मालकाने वकिलाकरवी कितीही नोटिसा धाडल्या तरी निव्वळ त्यांच्या जोरावर त्याला हलवता येत नाही. एका घरात नोटिशीची गरज उरलेली नाही, दुसऱ्यात तिचा उपयोग उरलेला नाही. या दोन टोकांच्या मधोमध एके काळी एक साधी व्यवस्था होती. भाडे महिन्याच्या महिन्याला द्यायचे, आणि संबंध संपवायचा तर दोघांपैकी ज्याला संपवायचा असेल त्याने ठरावीक दिवस आधी लेखी कळवायचे. ही व्यवस्था उपनगरांतून कशी उठून गेली, याचे नेहमीचे उत्तर असे की भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला इतके संरक्षण दिले, की मालकाच्या नोटिशीला अर्थ उरला नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. कायद्यांचा आणि निकालांचा क्रम लावून पाहिला तर दिसते ते असे, की नोटीस निकामी केली ती गोठवलेल्या भाड्याने. नुसत्या संरक्षणाने फार तर तिला सबळ कारणाची जोड द्यावी लागली असती. आणि ती निकामी झाल्याची किंमत शेवटी भाडेकरूंच्याच पुढच्या पिढ्यांनी मोजली.

त्या साध्या व्यवस्थेचा आधार असलेला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा असला तरी मुंबई इलाख्याला तो लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून. त्याच्या १०६ व्या कलमाचा हिशेब सरळ होता. वेगळा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल, तर कारखानदारीसाठी दिलेली जागा वर्षावर्षाने दिली असे धरायचे आणि ती सोडवायला सहा महिन्यांची नोटीस द्यायची. राहायला किंवा दुकानाला दिलेली जागा महिन्या-महिन्याने दिली असे धरायचे आणि तिला पंधरा दिवसांची नोटीस पुरे. कारण सांगायची गरज नव्हती. हक्क दोघांनाही सारखाच होता, म्हणजे भाडेकरूही पंधरा दिवस आधी कळवून मोकळा होऊ शकत होता. या समानतेमागे एक गृहीत होते. सोडून जाणाऱ्याला पंधरा दिवसांत दुसरी खोली मिळेल आणि मालकाला पंधरा दिवसांत दुसरा भाडेकरू मिळेल, असे ते गृहीत. भाडेकरूच्या बाजूने ते डळमळले की सगळा समतोल एका अंगाला झुकणार, हे त्या कलमातच लिहिलेले होते म्हणायला हरकत नाही.

नोटीस दिसायला साधी असली तरी ती देणे हे नाजूक काम होते. पंधरा दिवस भरले एवढ्याने भागत नसे. ते भाड्याच्या महिन्याच्या अखेरीला संपले पाहिजेत अशी अट होती. भाडेकरू ५ तारखेला राहायला आला असेल तर त्याचा महिना पुढच्या ४ तारखेला संपणार. मालकाने सवयीने ‘३० तारखेस जागा खाली करावी’ असे लिहिले की नोटीस बाद. करार १ तारखेपासून सुरू झाला तर ती १ तारीख मोजायची की वगळायची, या प्रश्नावर खटले थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. त्यात आपल्याकडची एक खास अडचण होती. अनेक ठिकाणी भाडे तिथीने ठरलेले असे, आणि महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला, हे मालक कुठल्या प्रांताचा यावर अवलंबून राही. तिथीने भाडे घेणाऱ्या मालकाच्या पदरात अधिक मासाच्या वर्षी तेरावे भाडेही पडू शकत असे. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने २७ व्या कलमात भाड्याची वसुली इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणेच होईल असे सांगितले, यावरून हा गुंता किती घरांत शिरला होता याची कल्पना येते. नोटीस पोहोचवण्याची रीतही कलमात दिलेली होती: टपालाने पाठवावी, स्वतः भाडेकरूच्या किंवा त्याच्या घरच्या माणसाच्या वा नोकराच्या हाती द्यावी, आणि यातले काहीच जमत नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवावी. नोटीस दिल्यानंतर मालकाने एखाद्या महिन्याचे भाडे घेतले की त्याने नोटीस सोडून दिली असा बचाव भाडेकरू करी. म्हणून मालक एक तर भाडे नाकारी, नाहीतर पावतीवर ‘हक्क राखून’ असा शेरा मारी. १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अशा नोटिसा खोड काढण्याच्या नजरेने न वाचता त्यांचा उद्देश पाहून वाचाव्यात असे सांगितले खरे, पण भाडेकरूच्या वकिलाचे पहिले काम पुढची साठ वर्षे नोटिशीतली खोड काढणे हेच राहिले.

उपनगरांत भाड्याची वस्ती वाढली ती याच काळात. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली कुटुंबे साष्टीकडे सरकू लागली, १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर उपनगरांत आखणी करून रस्ते आणि प्लॉट पाडले जाऊ लागले, १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, १९२२ च्या सुमारास मुलुंडची चौकटबंद आखणी क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांकडून करून घेतली गेली, आणि १९२८ मध्ये विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत धावू लागल्या. व्यापारी आणि जमीनमालक इमारत बांधत, खोल्या भाड्याने देत आणि भाड्याच्या उत्पन्नावर घातलेला पैसा वसूल करत. या व्यवहारात भाडे वेळेवर देणाऱ्या भाडेकरूला घालवणे मालकाच्या हिताचे नव्हते. नोटीस होती ती तंट्यापुरती. पंधरा दिवसांत दुसरी खोली मिळेल हे गृहीत मोडले ते टंचाईने. पहिल्या महायुद्धाच्या काळात शहरात खोल्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा १९१८ मध्ये युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा आला. १९३९ मध्ये दुसरा आला, १९४४ मध्ये तिसरा. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, त्यांतल्या अनेकांची वसाहत मुलुंडलाच झाली. अशा वेळी पंधरा दिवसांची विनाकारण नोटीस म्हणजे मालकाच्या हातातला चाबूकच झाला असता. भाडे वाढवून दे, नाहीतर महिनाअखेरीला चालता हो, असे म्हणण्याचे ते कायदेशीर साधन होते. त्याला अटकाव घालणे आवश्यकच होते आणि ते काम १९४७ च्या ५७ व्या अधिनियमाने, म्हणजे १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आलेल्या मुंबई भाडे कायद्याने केले.

या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आणि माझ्या युक्तिवादाची सगळी मदार त्या वेगळ्या आहेत यावर आहे. पहिली गोष्ट कारणाची. भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल तोवर मालकाला ताबा नाही, आणि ताबा हवा तर १३ व्या कलमातले कारण सिद्ध करावे लागेल. मालकाची खरी आणि वाजवी गरज, पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने जागा वापराविना ठेवणे, दुसरे योग्य घर मिळणे, अशी ती यादी होती. गरजेचे कारण सिद्ध झाले तरी जास्त हाल कुणाचे होतील हे न्यायालयाने तोलून पाहायचे होते. दुसरी गोष्ट भाड्याची. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याला दिलेली होती ते तिचे प्रमाण भाडे, आणि त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेला पहिले भाडे हेच प्रमाण भाडे. उपनगरांतल्या बहुतेक इमारती १९४० नंतरच्या, त्यामुळे इथे हा दुसरा नियम जास्त लागू पडला. १९५५ मध्ये अंधेरीत बांधलेल्या इमारतीची पहिली पावती हीच तिच्या भाड्याची कायमची मर्यादा ठरली. करवाढ आणि सुधारणांपोटी मिळणारी वाढ तेवढी वेगळी. पुढे भाव कितीही चढले तरी पावतीवरचा आकडा जवळपास जागच्या जागी राहणार, हे मालकाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणून त्याने पुढच्या तीस वर्षांचे भाडे पहिल्याच दिवशी, पागडीच्या रूपाने आणि पावतीविना, वसूल केले. १८ व्या कलमाने पागडी घेणे हा गुन्हा होता, पण मालक आणि भाडेकरू दोघांनाही त्या व्यवहाराविना पर्याय नव्हता, त्यामुळे तो उघड गुपित होऊन राहिला.

नोटिशीचे पुढे काय झाले ते या दुसऱ्या गोष्टीतून समजते. कायद्याने मालकाच्या हाती एक नवी नोटीस दिली, थकबाकीची. १२ व्या कलमाखाली भाड्याची मागणी करणारी लेखी नोटीस १०६ व्या कलमाच्या रीतीने द्यायची आणि एक महिना थांबायचे. भाडे महिन्याने देय असेल, सहा महिन्यांची किंवा जास्त थकबाकी असेल, भाड्याबद्दल वाद नसेल, आणि महिनाभरात पैसे भरले नाहीत, तर न्यायालयाने ताबा दिलाच पाहिजे. कागदावर हे कडक वाटते. प्रत्यक्षात या नोटिशीने दोन्ही बाजूंना डावपेच शिकवले. मालक भाडे घ्यायला नकार देऊन थकबाकी तयार करू लागला. भाडेकरू मनीऑर्डरने भाडे पाठवू लागला आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली कुपने जपून ठेवू लागला. पावती देणे २६ व्या कलमाने बंधनकारक होते, म्हणून पावती न मिळाल्याची तक्रार हे भाडेकरूचे हत्यार झाले. नोटीस मिळाल्यापासून महिन्याच्या आत प्रमाण भाडे ठरवून मागण्याचा अर्ज लघुवाद न्यायालयात गेला की भाड्याचा वाद उभा राहिला असे मानले जाई आणि मालकाच्या कडक कलमाची धार बोथट होई. शिक्षण उपकरासारखा कर वर्षातून एकदा देय असेल तर ‘भाडे महिन्याने देय’ ही अटच तुटते, असाही मुद्दा निघाला आणि न्यायालयांनी तो मानला. ज्या महिन्याच्या हिशेबावर १८८२ चे सगळे कलम उभे होते, तो महिनाच आता वादाचा विषय होऊन बसला.

आता एक विरोधाभास पाहा. कारण सिद्ध केल्याशिवाय ताबा नाही हे ठरल्यावर पंधरा दिवसांच्या नोटिशीने करार संपतो याला व्यवहारात अर्थ राहिला नव्हता, कारण करार संपल्यावरही भाडेकरू कायद्याचा भाडेकरू म्हणून त्याच खोलीत, त्याच भाड्याने राहणारच होता. तरीही १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्याखालच्या दाव्यातही आधी नोटिशीने करार संपवणे आवश्यक मानले. म्हणजे नोटीस बरोबर दिली तर मालकाच्या पदरात काही पडत नव्हते, पण तारीख चुकली तर सबळ कारण असलेला दावाही कोसळत होता. उपनगरातला मालक दहा वर्षे खटला लढून पोटभाडेकरूचे कारण सिद्ध करी आणि ४ तारखेऐवजी ३० तारीख लिहिली म्हणून हरे, हे शक्य होते. या अवस्थेतून सुटका झाली ऑगस्ट १९७९ मध्ये. व्ही. धनपाल चेट्टियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की राज्यांच्या भाडे कायद्यांखाली ताबा मागताना १०६ व्या कलमाची नोटीस लागत नाही. नोटिशीने मालकाला जो हक्क मिळत नाही, त्याच्यासाठी ती देण्याचा आग्रह कशाला, हा त्या निकालाचा गाभा. तर्काला तो अगदी बरोबर होता. पण मुंबई इलाख्यात १८९३ पासून घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला शेवटचा शब्द असलेला कागद त्या दिवसापासून नियंत्रित भाड्याच्या घरांपुरता अधिकृतपणे बिनकामाचा ठरला.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. नोटीस बिनकामाची झाली म्हणूनच घाटकोपरच्या चाळीतला गिरणी कामगार, बोरिवलीतला कारकून, मुलुंडमधला निर्वासित या शहरात टिकला. मालकाची गैरसोय ही त्याची वाजवी किंमत होती. या आक्षेपातला मोठा भाग मला मान्य आहे. विनाकारण घर खाली करायला लावण्याचा हक्क टंचाईच्या शहरात राहू देणे अन्यायाचेच झाले असते. परंतु कारणाची अट आणि गोठलेले भाडे यांचा परिणाम वेगवेगळा होता. भाडे बाजाराच्या जवळपास राहते तर चांगल्या भाडेकरूला काढून मालकाला फारसे काही मिळाले नसते, आणि मालक जेव्हा ‘मला गरज आहे’ म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवणे न्यायालयाला सोपे गेले असते. भाडे गोठल्यावर प्रत्येक नोटिशीमागे तोच एक हेतू दिसू लागला: जुना भाडेकरू गेला की नव्याकडून नवी पागडी. न्यायालयांनी संशयाने पाहिले यात त्यांची चूक नव्हती, कारण संशयाला जागा कायद्यानेच करून दिली होती. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होऊ लागला, पावती मुलाच्या आणि मग नातवाच्या नावावर होऊ लागली, आणि संरक्षण राहत्या माणसाला मिळते की पावतीला, हा फरक पुसट झाला. १९४८ मध्ये तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नाशी ओलांडून गेला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १९४० च्या भाड्याला चिकटून राहण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्या निकालात बोट ठेवले गेले ते भाड्यावर. भाडेकरूला कारणाशिवाय काढता येऊ नये, या तत्त्वाला तिथे धक्का लागलेला नाही, ही बाब माझ्या म्हणण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उपनगरांतल्या मालकांनी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली नव्हती. नोटीस चालत नाही म्हटल्यावर त्यांनी नोटीसच लागणार नाही असे मार्ग शोधले. पहिला मार्ग भाड्याने न देण्याचा. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आल्यावर बिल्डर भाड्यासाठी बांधण्याऐवजी विकण्यासाठी बांधू लागले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी बृहन्मुंबईत आलेली बोरिवली आणि मुलुंड ही टोकाची उपनगरे याच काळात भरत गेली, म्हणून तिथे दादर-गिरगावसारखा पागडीचा पसारा झाला नाही. दुसरा मार्ग लीव्ह अँड लायसन्सचा. भाडेकरार म्हटले की जागेत हक्क निर्माण होतो आणि भाडे कायदा आड येतो. नुसती वापरण्याची परवानगी म्हटले की परवानगी संपल्यावर हक्क उरत नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू पाहावा असे सांगितले होते, तरी मालकांनी हा मार्ग धरला. सरकारने त्याला १९७३ मध्ये तडाखा दिला. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ज्यांचे लायसन्स चालू होते ते सगळे संरक्षित भाडेकरू ठरले. बदली झाली म्हणून दोन वर्षांसाठी फ्लॅट देऊन गेलेल्या नोकरदाराला परत आल्यावर आपल्याच घरात कायमचा भाडेकरू बसलेला दिसला. पुढची अनेक वर्षे रिकामे फ्लॅट कुलपात ठेवणेच मालकांना शहाणपणाचे वाटले, यात नवल नाही. १९८७ च्या दुरुस्तीने लायसन्सची मुदत संपताच ताबा मिळण्याची झटपट सोय केली आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २४ व्या कलमाने ती पक्की केली.

या नव्या कायद्यात दोन जगे शेजारी शेजारी उभी आहेत. जुन्या भाडेकरूसाठी थकबाकीच्या नोटिशीची मुदत एका महिन्यावरून ९० दिवस झाली. दावा दाखल झाल्यावर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली तर ताबा जात नाही. पागडीला ५६ व्या कलमाने मान्यता मिळाली, भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा आली. राहण्यासाठी लायसन्सवर घर घेतलेल्याची कथा अगदी उलट. मुदत संपल्यावर तो थांबला तर त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्याचे प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे चालते, तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि बाजू मांडायलाही त्याला आधी परवानगी मागावी लागते. ५५ व्या कलमाने नोंदणी सक्तीची केली आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली, म्हणजे एका वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही ही अकरा महिन्यांची मूळ सबब महाराष्ट्रात उरलेली नाही. तरी अकरा हा आकडा टिकून आहे, कारण दर अकरा महिन्यांनी भाडे नव्याने ठरवता येते आणि नको असलेला माणूस कारण न सांगता बदलता येतो. १८८२ च्या कायद्याखालच्या महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची सूचना कायद्याने मिळत होती. आजच्या लायसन्सधारकाला मुदतीअखेर कायद्याने एकाही दिवसाची सूचना मिळत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो. करारात एका महिन्याच्या नोटिशीचे कलम असते, ‘लॉक-इन’ म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट असते, आणि मालक बहुधा महिनाभर आधी फोनवर विचारतोच. शिवाय अंधेरीत कामाला येणाऱ्या तरुणांना कायमचे घर नकोच असते. हे खरे आहे. पण करारातली नोटीस मुदतीच्या मध्ये करार मोडण्यासाठी असते, मुदतीच्या शेवटी ती कामाला येत नाही. फोन येतो तो मालकाच्या मर्जीने. एकट्या तरुणाला हे चालून जाते. मुलुंडच्या शाळेत मुले घातलेल्या कुटुंबाला, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन राहणाऱ्याला, दर वर्षी दलाली, सामानाची ने-आण, नव्या पत्त्याचे कागद आणि वाढलेले डिपॉझिट यांचे गणित मांडावे लागते. आणि जुन्या भाडेकरूलाही घर सुटत नाही असे नाही. उपनगरातल्या पडझडीच्या इमारतींना महापालिका आपल्या कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस देते आणि ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरलेली इमारत रिकामी करून पाडली जाते. चाळीस रुपये भाडे घेणारा मालक दुरुस्तीवर लाखो रुपये घालणार नाही हे उघड आहे. शहर बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींना दुरुस्ती मंडळ आहे, ते या उपनगरांना लागू नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे, पण तो हक्क हातात घेऊन माणूस वर्षानुवर्षे दुसरीकडे राहतो. मालकाची नोटीस जे करू शकली नाही ते गोठलेल्या भाड्याने भिंतींकडून करवून घेतले, आणि तेही विनामुदत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. मुंबईत जागेचे भावच असे आहेत, की कुठलाही नोटिशीचा कायदा दुबळ्याच्या विरोधातच जाईल. मग मधली व्यवस्था ही कल्पनाच राहणार. याला उत्तर म्हणून दोन गोष्टी दाखवता येतात. पहिली इथलीच आहे. १९९९ च्या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडे संरक्षणातून वगळले. त्यांच्या जागांना आज पुन्हा १०६ वे कलम लागू आहे, तेही सुधारलेले. डिसेंबर २००२ च्या दुरुस्तीने नोटीस महिन्याच्या अखेरीलाच संपावी ही अट काढून टाकली आणि मुदत थोडी कमी पडली तरी दावा त्या मुदतीनंतर दाखल झाला असेल तर नोटीस बाद होणार नाही असे ठरवले. १८९३ पासून चालत आलेला तारखांचा घोळ दोन वाक्यांत मिटला. नोटिशीचा कायदा सोपा आणि न्याय्य करता येतो, हे यावरून दिसते. फक्त तो आज अंधेरीतल्या बँकेच्या शाखेला मिळतो, तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला मिळत नाही. दुसरे उदाहरण जर्मनीचे. तिथे मालकाला ताब्यासाठी स्वतःची गरज यांसारखे मान्य कारण द्यावे लागते, भाडे आसपासच्या भाड्याच्या पातळीपर्यंत वाढवता येते, आणि नोटिशीची मुदत राहत्या वर्षांप्रमाणे वाढते: सुरुवातीला तीन महिने, पाच वर्षांनंतर सहा, आठ वर्षांनंतर नऊ. भाडेकरूने मात्र केव्हाही तीनच महिने आधी कळवायचे. बर्लिन-म्युनिकमध्येही जागेची चणचण आहे, तरी तिथे भाड्याचे घर म्हणजे अकरा महिन्यांचा मुक्काम होत नाही.

मुंबईच्या उपनगरांत चुकले ते संरक्षण दिले म्हणून नाही. भाड्याचा प्रश्न सोडवायचा टाळून तो मुदतीवर ढकलला, म्हणून चुकले. १९४८ मध्ये मुदत अमर्याद केली आणि १९८७ नंतर ती मालकाच्या पसंतीची केली. दोन्ही वेळा ‘किती आधी कळवायचे’ हा प्रश्नच वगळला गेला, जो या कायद्यातला मूळ आणि सर्वांत माणुसकीचा प्रश्न आहे. लायसन्सच्या करारात कायद्याने तीन गोष्टी घालता येतील. मुदत संपताना किमान दोन महिन्यांची लेखी सूचना सक्तीची करावी, सलग राहिलेल्या वर्षांप्रमाणे ती वाढावी, आणि नव्या मुदतीच्या भाडेवाढीला आसपासच्या भाड्याचा आधार असावा. मालकाचा ताब्याचा हक्क यात कुठेही जात नाही, त्याला फक्त वेळेवर बोलावे लागते. जुन्या पागडीच्या घरांसाठी हे पुरणार नाही, तिथे पुनर्विकास हाच मार्ग उरला आहे. पण बोरिवलीत किंवा घाटकोपरमध्ये आज भाड्याच्या घरात वाढणारे मूल त्याच शाळेत दहावीपर्यंत जाऊ शकेल की नाही, हे या तीन तरतुदींवर ठरू शकते, आणि त्यासाठी सरकारच्या तिजोरीतून एक रुपयाही खर्च करावा लागणार नाही.